रगड्याचं वजन

मडगावात, जुन्या मार्केटच्या मागं, आमचं पार्सलचं दुकान.
एक वजनकाटा. दोन पंखे, त्यातला एक चालतो.
मी डिचोलीचा. अठरा वर्षं झाली,
दुसऱ्यांची गावं तोलतोय.

सकाळी कुवेत येतं, दोहा येतं:
खारे बांगडे सात पदरी प्लास्टिकमध्ये,
तरी वास गळतोच, आणि फॉर्मवर आम्ही लिहितो
'घरगुती खाद्यपदार्थ'.
पेराड. सोलं. बाप्तिस्म्याचा पांढरा फ्रॉक टोरांटोला,
दोन मापं मोठा,
कारण पोचेपर्यंत मूल वाढलेलं असणार.

रविवारी पार्सलं उलटी वाहतात.
कंधमाल, गुमला, गदग, बेतिया.
छताचे पंखे, कुकर, शाळेचे बूट.
दिवसभर सळ्या वाकवणारे हात
सुतळीची गाठ अशी आवळतात
की गावाकडं ती विळ्यानंच कापत असतील.
काट्याला यातलं काही कळत नाही.
त्याला ग्रॅम कळतात.

चिंचिणीची पिएदादबाय रिक्षातून रगडो घेऊन आली,
वरवंट्यासकट. स्विंडनला, लेकीला.
मी म्हटलं, बाय, भाड्यात असले चार येतील.
"मिक्सरांतलो मसालो तोंडाक लागना रे बाबा,"
ती म्हणाली, आणि रुमालाची गाठ सोडली.
वस्तू: दगड.
वजन: एकोणीस किलो चारशे.
किंमत? तिनं बराच वेळ पंख्याकडं पाहिलं,
न चालणाऱ्या. "घाल शंभर."

पाच महिन्यांनी खोका परत.
तीन शिक्के, एक पिवळी चिठ्ठी:
या पत्त्यावर हे नावच राहत नाही.
पिएदादचा फोन बंद.
स्कूटरवर घालून मीच नेला.

वाड्यावर बावीस घरं. दिवे सहा घरांत.
बाकीच्यांना राखणदार आहे,
सीमेवरचा, रोट मागणारा नव्हे;
रांचीकडचा, महिना आठ हजारांचा.
त्यानं कुत्र्याला शांत केलं, कोकणीतून,
आणि मला सांगितलं, हिंदीतून:
लेक आली होती, आईला घेऊन गेली.
कुठं?
शेजारची म्हणाली लंडन. तिचा नवरा म्हणाला लिस्बन.
कोपऱ्यावरचा दारूवाला म्हणाला, कुठं का असेना,
तिथं थंडी आहे एवढं नक्की.
इथं पत्ता विचारला की लोक देश सांगतात.

म्हणजे कुठल्याशा समुद्रावर,
ती वरनं, रगडो खालनं,
दोघं एकमेकांना ओलांडून गेली असणार.

तेव्हापासून तो दुकानात. वाऱ्यानं दार आपटतं,
त्याला टेकण.

परवा सलोमी केरकेट्टा आली, गुमल्याला कुकर पाठवायला.
बिल होईतो उकिडवी बसली,
रगड्याच्या खळग्यात हात फिरवला,
जसा तापलेल्या पोराच्या पोटावरून फिरवतात.
"कितने का?"
विकायचा नाही, म्हटलं. ठेव आहे.
"किसकी?"
मी रजिस्टर उघडलं, बंद केलं.
"गुळगुळीत झालाय," ती म्हणाली तिच्या हिंदीत,
"टाकी लावली नाही तर मरेल."

पुढच्या रविवारी दीर आला, छन्नी-हातोडा घेऊन.
बांधकामावरचा माणूस, मजुरी विचारली तर हसला.
रांग थांबली. टक् टक्. सगळे बघत राहिले,
ओडिशा, बिहार, कर्नाटक,
आणि दोह्याच्या पार्सलाला आलेले एक म्हातारे
ज्यांनी डोळे मिटून घेतले होते.
फरशीवर करडी भुकटी.

गर्दी सरल्यावर, उगाच,
मी त्याला पुन्हा काट्यावर चढवलं.
एकोणीस किलो तीनशे चाळीस.
जुना आकडा खोडला नाही.
त्याच्याखाली हा लिहिला, तारीख घातली.
नावाचा रकाना तसाच.